हॅझलकोटच्या देवळातली पावलं

तेलीबांधा, रायपूर
१२ जून २०२५

गंधाली बेटा,

आशीर्वाद आधी घे, मग पुढे वाच. पत्र हाताने लिहितेय आणि पानांचे फोटो काढून तुला पाठवतेय, कारण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तू फक्त 'मावशी, जेवलीस का' एवढंच विचारतेस. जेवले. रोज जेवते. आता कामाचं बोलू.

काल तुझी आई सांगत होती की तुला हेरफर्ड नावाच्या गावातल्या दवाखान्यात काम मिळालं. अपर्णाने सहज सांगितलं, पण मी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. तिथून थोड्या अंतरावर हॅझलकोट म्हणून खेडं आहे. माझा यशोधन आणि त्याची बायको हेदर तिथे राहायचे. २००९ साली मी एक अख्खा उन्हाळा तिथे काढलाय.

गावाबाहेर, मेंढ्यांच्या कुरणात एक जुनं देऊळ आहे. चर्च म्हण, पण मी देऊळच म्हणायचे. इतकं लहान की आपल्या तळ्याकाठच्या देवळांच्या पंगतीत सहज खपून जाईल. दाराच्या कमानीवर करवतीच्या दातांसारखी नक्षी. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर नदीतून चाललेला धिप्पाड माणूस आणि त्याच्या खांद्यावर मूल. रंग पार उडालेला. कोणी संत आहेत म्हणे. मी त्यांना वसुदेव म्हणायचे आणि रोज हात जोडायचे. अंगणात एक काळंभोर, जुनाट झाड होतं. दुपारी मी त्याच्याखाली बसून मटार सोलायचे.

दर गुरुवारी हेदर मला देवळात न्यायची. गावातल्या बायका तिथे बसून लोकरीने गाद्या भरायच्या, उशीएवढ्या पण विटेसारख्या चौकोनी आणि टणक. कोणी सफरचंद भरे, कोणी मेंढी. एकीने तर ट्रॅक्टर भरला होता. हेदरने खुणांनी सांगितलं, देवळासाठी, प्रार्थनेसाठी. मी समजले, देवाचं आसन. त्या वर्षी माझ्या महालक्ष्म्या पहिल्यांदाच माझ्या हातून होणार नव्हत्या. अभनपूरला जाऊबाई करणार होत्या. जिवाला चुटपुट लागली होती. म्हणून मी कुंकवाच्या रंगाची लोकर मागून घेतली आणि तिच्यावर पांढऱ्या लोकरीने महालक्ष्मीची दोन पावलं भरली. एवढीएवढीशी, बोटं देवाकडे. आपण दारातून आत काढतो तशी.

खोटं का बोलू, मनात आणखीही काही होतं. भरताभरता मी हेदरला हातांचा पाळणा करून दाखवला. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, लाजली. मला फार बरं वाटलं.

मग एका रविवारी सगळ्या गाद्या देवळात मांडल्या आणि प्रार्थना सुरू झाली. बघते तर काय, माणसं त्या गाद्यांवर गुडघे टेकून राहिलेली. आणि हेदर नेमकी माझ्या गादीवर. महालक्ष्मीच्या पावलांवर तिचे दोन्ही गुडघे. मी पुढे झाले आणि गादी तिच्याखालून ओढून घेतली. ती फरशीवर आदळली. मी गादी कपाळाला लावली आणि खिडकीत उंचावर ठेवली. तू असतीस तरी हेच केलं असतंस. अंथरुणाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, ही तर देवीची पावलं.

हेदर उठून बाहेर गेली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी तिकीट आधीचं करून परत आले. तीन वर्षांनी दोघं वेगळे झाले. यशोधन कॅनडाला गेला, एकटाच राहतो, रविवारी फोन करतो आणि हवामान सांगतो. नातेवाईक म्हणतात, सासूने घर मोडलं. माझ्या तोंडावर नाही म्हणत, पण रायपूर एवढं मोठं नाही.

तर एवढं कर. सुट्टीच्या दिवशी जा आणि माझी गादी तिथे आहे का बघ. असेल तर परत आण. कोणाच्या पायाखाली नको. आणि जमलंच तर गावात कोणाकडून कळतं का बघ, की एका गादीपायी खरंच माझ्या मुलाचं घर मोडलं का. मला विचारायला कोणी उरलेलं नाही.

तुझी,
रमामावशी


हेरफर्ड
६ जुलै २०२५

रमामावशी,

नमस्कार. वाकून केलाय, फोटोत दिसणार नाही म्हणून सांगतेय.

काल हॅझलकोटला जाऊन आले. बस वेशीपर्यंतच जाते, पुढे कुरणातून पायवाट. मेंढ्या बाजूला होत नाहीत, आपल्याला व्हावं लागतं. आपल्या सदर बाजारात गाई करतात तसंच, फक्त हॉर्न कोणी वाजवत नाही.

तुझं देऊळ तस्संच आहे. कमानीवर करवतीचे दात आहेत. दक्षिणेच्या भिंतीवर दगडात एक वर्तुळ कोरलंय, मध्ये भोक. त्यात काडी खोचली की सावलीवरून प्रार्थनेची वेळ कळायची, घड्याळं नव्हती तेव्हा. तू बघितलं होतंस का? दार बंद होतं. दारावर चिठ्ठी होती की किल्ली समोरच्या निळ्या दाराच्या घरी मिळेल. तिथल्या बाईंनी किल्ली दिली आणि स्वतःही सोबत आल्या. बोटभर जाड, हातभर लांब किल्ली. कुलपात फिरवायला दोन्ही हात लागतात.

मी सवयीने ओसरीतच बूट काढले. फरशी जुलैमध्येही बर्फासारखी होती. तू उन्हाळाभर त्यावर अनवाणी चाललीस, आणि आता मला म्हणतेस गुडघे का दुखतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे मावशी, माझ्याकडे तक्रार करताना हे लक्षात ठेव.

आत बाप्तिस्म्याचं दगडी भांडं आहे, रांजणासारखं. त्याच्या काठावर कुलपाच्या खुणा आहेत. पूर्वी त्यातलं पाणी लोक चोरून नेत, गुरांना आणि आजाऱ्यांना पाजायला, म्हणून झाकण लावून कुलूप घालत. मला एकदम आपल्याकडचं तीर्थ आठवलं. एका भिंतीत तिरपं भोक आहे. ज्यांना आत येऊ देत नसत, ते बाहेर उभे राहून तिथून देवाकडे बघत. त्या भोकातून मीही बाहेरून बघितलं. फक्त मेणबत्तीची जागा दिसते, बाकी काही नाही.

तुझे वसुदेव आता गुडघ्यापर्यंतच उरलेत. वरचा गिलावा पडला. पाण्यातले पाय आणि दोन मासे तेवढे आहेत. मूल गेलं.

आणि तुझी गादी आहे. पुढून तिसऱ्या बाकाशी, आकड्याला टांगलेली. लाल रंग थोडा विटलाय. मी लगेच ओळखली.

एक वाईट बातमीही आहे. देऊळ बंद होणार आहे. रविवारी यायला माणसंच उरली नाहीत. सप्टेंबरात शेवटची प्रार्थना आहे, आणि ज्यांनी गाद्या भरल्या त्यांच्या घरी त्या परत देणार आहेत. म्हणजे तुझी तुला मिळेल. मी किल्लीवाल्या बाईंशी बोलून घेते. घाई करू नकोस.

झाडाखाली थोडा वेळ बसले होते. यू म्हणतात त्याला. त्या बाई म्हणाल्या, ते देवळापेक्षाही जुनं आहे.

तुझी,
गंधाली


तेलीबांधा, रायपूर
१३ जुलै २०२५

गंधाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू मला दगडातलं घड्याळ दाखवलंस, चोरीचं पाणी दाखवलंस, मासे मोजून दाखवलेस. पण किल्ली देणाऱ्या बाईंचं नाव नाही, वय नाही, त्या काय बोलल्या तेही नाही. तू लहानपणी काचेची बरणी फोडलीस तेव्हाही अशीच आमच्या बागेतल्या जास्वंदीचं वर्णन करत बसली होतीस.

हॅझलकोटमध्ये निळं दार एकच होतं. तो रंग मी आणि यशोधनने मिळून लावलाय.

म्हणजे हेदर अजून तिथेच आहे. मला वाटलं होतं, ती केव्हाच गाव सोडून गेली असेल. यशोधनला मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. आमच्याकडे हे असंच चालतं.

कशी दिसते? केस पिकले का? एकटी आहे का? नको सांगूस. सांग.

आणि तिने तुला चहा दिला का? ती पाहुण्याला चहा विचारल्याशिवाय कधी सोडायची नाही. माझ्यासाठी तिने त्या खेड्यात कुठून कुठून आलं मिळवलं होतं. चहात घालायची आणि विचारायची, 'बराबर?' हे यशोधनने शिकवलं होतं. तेवढंच तिचं हिंदी. सुरुवातीला आमचं फार छान होतं गं. तिच्या डोक्याला मी तेल लावून दिलेलं आहे.

मग एका गादीने असं काय केलं? मी तिला शिव्या दिल्या नाहीत, हात उगारला नाही. देवीची पावलं उचलून वर ठेवली. तिला कळलं नसेल, पण यशोधन होता ना बाजूला, त्याने सांगितलंच असेल की. मग एवढा राग कशाचा?

तू काहीतरी लपवून राहिलीस. मला वाटतं, ती माझ्याबद्दल वाईटच बोलली असेल. बोलू दे. जे बोलली ते लिही. या वयात मला साखर चालत नाही, पत्रातही घालू नकोस.

रमामावशी


हेरफर्ड
१७ ऑगस्ट २०२५

रमामावशी,

महिना लावला, माफ कर. मध्ये दोनदा पुन्हा हॅझलकोटला जाऊन आले. आता लिहितेय ते बसून वाच. शेजारच्या सरलाकाकू घरी असतील तर त्यांना हाक मार आणि मग वाच.

हेदरच होती. तिने केस लहान केलेत आणि ते सगळे पांढरे आहेत. एकटीच आहे. ओसरीत मी बूट काढले तेव्हाच ती थबकली होती. म्हणाली, 'माझी सासूही असंच करायची.' तेव्हा मी सांगितलं की मी रमाची भाची. तिने मला आत नेलं.

गादी बघितल्यावर मी खुशीत बोलून गेले, 'ही तर महालक्ष्मीची पावलं.' तिने विचारलं, कोणाची? आणि मी शहाणी, मला वाटलं हिला आवडेल. मी सगळं सांगितलं. आपल्याकडे दारापासून देवापर्यंत पावलं कशी काढतात, मुखवटे हातात घेऊन सुना त्यावरून कशा येतात, 'कोण आलं' म्हणून कसं विचारतात. मोबाइलवर तुझ्या घरचा मागच्या वर्षीचा फोटोही दाखवला. ती बाकावर खाली बसली. मग म्हणाली, 'म्हणजे ती त्याची नव्हती.'

मावशी, तू त्यांच्याकडे मे महिन्यात गेलीस. त्याआधी फेब्रुवारीत, सहाव्या महिन्यात, त्यांचं बाळ गेलं होतं. जन्मालाच मेलेलं आलं. मुलगा होता. यशोधनदादाने तुला सांगितलं नाही. हेदरला मात्र त्याने सांगितलं होतं की आईला कळवलंय.

म्हणून तू लाल लोकरीवर एवढीएवढीशी पावलं भरायला घेतलीस तेव्हा तिला वाटलं, आजी नातवाची पावलं भरतेय. तू हातांचा पाळणा केलास तेव्हा ती त्यासाठी रडली. गावात कोणी तिच्याशी त्या बाळाबद्दल बोलत नव्हतं, सगळे तोंड चुकवायचे. ती म्हणाली, 'भाषा येत नसलेली एक बाई त्याच्यासाठी रोज टाके घालत होती. मला वाटलं, माझ्यावर कोणी एवढी माया केली नाही.' तिने हे यशोधनदादाला सांगितलं. तो हो म्हणाला.

त्या रविवारी ती मुद्दाम तुझ्या गादीवर गुडघे टेकायला बसली. बाळ गेल्यापासून ती पहिल्यांदा प्रार्थनेला आली होती. आणि तू ती ओढून घेतलीस.

तिला काय वाटलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण तू साखर नको म्हणालीस. 'मला वाटलं, ती सांगतेय की ज्या अंगाने मूल टिकवलं नाही, त्याने त्याच्या पावलांना शिवू नये. सगळ्या गावासमोर. मी यशकडे बघितलं, तो फरशीकडे बघत होता.'

घर गादीने मोडलं का, हे मीही विचारलं, तुझ्यासाठी. ती नाही म्हणाली. त्या दोघांना बाळाबद्दल बोलता येईना, म्हणून हळूहळू बाकीचंही बोलता येईना. गादी त्यात एक दिवस होती. पण तो दिवस ती विसरली नाही, हेही तिने सांगितलं.

तू परत गेल्यावर तिने गादी खिडकीतून खाली घेतली आणि तेव्हापासून दर रविवारी तीच वापरली. रागावली होती तरी. म्हणाली, 'इतकी वर्षं मी त्या पावलांच्या मागे गुडघे टेकले. ती नेहमी माझ्यापासून दूर जातानाच दिसली. तरी ती त्याची होती.' आणि ते मी एका वाक्यात काढून घेतलं. तेव्हापासून मला धड झोप नाही.

बाळ त्या यूच्या झाडाखाली आहे, भिंतीच्या बाजूला. दगड नाही लावला.

गादी तिने माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं, तर म्हणाली, 'तुमच्या देवीची आहे, माझं त्यात काही नाही.' पुढच्या वेळी गेले तेव्हाही परत घेतली नाही. काल तुला पोस्टाने पाठवली. दुसरं काय करावं मला कळेना.

तुझी,
गंधाली


तेलीबांधा, रायपूर
४ सप्टेंबर २०२५

गंधाली,

तुझा दोष नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहिताना हात थांबला तर हे राहून जाईल. तू खरं तेच सांगितलंस. खरं सांगणारी एवढ्या वर्षांत तू पहिलीच.

सरलाला हाक मारली नाही. एकटीनेच वाचलं. मी त्या झाडाखाली रोज बसायचे गं. माझा नातू तिथे होता आणि मी त्याच्या उशाशी बसून मटार सोलत होते, गाणी म्हणत होते. हेदर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. मला वाटायचं, माझ्यावर लक्ष ठेवतेय. तिला वाटत असेल, आजी त्याच्याजवळ बसलीय.

यशोधनचा फोन आला तेव्हा त्याने हवामान सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, "हवामान राहू दे. काहून रे, मले काहून नाही सांगितलं?"

कळलं त्याला लगेच. म्हणाला, "आई, तू एवढ्या दुरून येऊन राहिली होती. तुले कशाला दुखवायचं म्हणून."

"अन् तिले? ते महालक्ष्मीचे पाय आहेत, हे तिले काहून नाही सांगितलं?"

मग हिंदीत म्हणाला, "वो खुश थी, आई. पहली बार खुश थी."

माझ्या पोटचा पोट्टा, मी त्याला काय बोलणार? तो दोघींना जपायला गेला आणि त्याने दोघींना कापून ठेवलं. स्वतः कॅनडात एकटा बसून राहिलाय. मी म्हटलं, "तू तरी रडला होतास का रे तेव्हा?" तर फोन ठेवला त्याने.

महालक्ष्म्या परवा उठल्या. या वर्षी दारातून पावलं काढायला बसले आणि उंबऱ्यापासून चार काढून हात थांबला. सरला आली, म्हणाली, "दीदी, पाँव आधे काहे छोड़ दिए?" मी म्हटलं, कंबर दुखते. बाकीची तिने काढली. तिला आपलं वळण येत नाही, बोटं फार लांब काढते. काढू दिली. ज्येष्ठा-कनिष्ठांच्या शेजारी दर वर्षी त्यांची बाळं बसवते मी, नवे कपडे शिवून. तीस-पस्तीस वर्षं शिवतेय. या वेळी शिवताना सारखं वाटत होतं, माझ्या घरातल्या बाळाला मी एक अंगडंसुद्धा शिवलं नाही.

मला तिच्याशी बोलायचंय, पण काय बोलू? मला माहीत नव्हतं, एवढंच ना. हे खरं आहे आणि तरी ते पुरत नाही. मी गादी ओढली तेव्हा मला तिचा चेहरा दिसला होता. तो राग नव्हता. ते मला तेव्हाच दिसलं होतं आणि मी वळून खिडकीकडे गेले.

पार्सल अजून आलेलं नाही. वाट बघतेय की घाबरतेय, सांगता येत नाही.

रमामावशी


हेरफर्ड
१४ सप्टेंबर २०२५

मावशी,

आज शेवटची प्रार्थना झाली. मी गेले होते. माणसं दूरदूरून आली होती, बाकं पहिल्यांदाच भरली असं हेदर म्हणाली. ही इतकी माणसं दर रविवारी थोडी थोडी आली असती तर देऊळ बंद झालं नसतं, हेही तीच म्हणाली. तिचं बोलणं कधी कधी तुझ्यासारखं वाटतं.

सगळ्यांनी आपापल्या गाद्या नेल्या. मेंढी गेली, सफरचंद गेलं. ट्रॅक्टरवाल्या आजी वारल्या, त्यांचा नातू येऊन घेऊन गेला. हेदर तिसऱ्या बाकाशी उघड्या फरशीवर गुडघे टेकून बसली. मी माझा कोट पुढे केला, तिने मानेने नाही म्हटलं. उठताना तिला बाकाला धरावं लागलं.

नंतर तिच्या घरी मी तुझं पत्र तिला इंग्रजीत वाचून दाखवलं. तुला न विचारता दाखवलं, रागावू नकोस. वाचता वाचता मी मटारांपर्यंत पोचले तेव्हा ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. 'मला तसंच वाटायचं,' म्हणाली. तू तिला फोन करावास का, असं मी विचारलं, तर म्हणाली, 'आता नको. इतकं जुनं झालंय की कुठून धरायचं ते कळत नाही.'

अंगण आणि ते झाड राहणार आहे, त्याला कोणी हात लावणार नाही. पण देवळाला कुलूप असेल, आणि किल्ली आता गावात कोणाकडे नसेल. ती निळं दार सोडून जात नाहीये. बाळ तिथे आहे म्हणून, असं मला वाटतं. ती तसं म्हणाली नाही.

चहा दिला तिने. आलं घालून. 'बराबर?' असंही विचारलं.

गंधाली


तेलीबांधा, रायपूर
२८ सप्टेंबर २०२५

गंधाली बेटा,

पार्सल आलं. नवरात्र चालू आहे, म्हणून वाटलं होतं की उघडायचं, गंगाजल शिंपडायचं आणि देवघरात चौरंगावर ठेवायचं. उघडलं आणि तशीच मांडीवर घेऊन बसून राहिले.

तू लिहिलं नव्हतंस की टाचा झिजल्यात. दोन्ही पावलांच्या टाचांची पांढरी लोकर पार उडालीय, खालचं जाड कापड दिसतंय. तिथे दोन खळगे पडलेत, तिच्या गुडघ्यांचे. बोटं मात्र जशी मी भरली तशीच आहेत, एकही टाका उसवलेला नाही. तेवढी तिने जपली. बसताना ती मागे सरकून बसत असणार, त्याशिवाय असं झिजत नाही. तू फिजिओथेरपिस्ट आहेस, तुला हे कळलंच असेल आणि तू मुद्दाम लिहिलं नसशील.

मला राग यायला हवा होता. देवीच्या पावलांवर इतकी वर्षं गुडघे. राग शोधला, सापडला नाही. माझ्या देवघरात मी रोज फुलं वाहते, पण इतकं कोणापुढे झिजले असेन असं मला वाटत नाही.

सदर बाजारातून पांढरी लोकर आणवली, टाचा पुन्हा भरून काढाव्या म्हणून. सुई ओवली आणि मग ठेवून दिली. ते तिचं काम आहे, माझ्या कामावर केलेलं. ते बुजवणारी मी कोण? आयुष्यात आम्ही दोघींनी मिळून केलेली ही एकच वस्तू.

तिच्यासमोर बसून तिचा हात हातात घ्यावा, असं फार वाटतं. पण मला आता दोन जिने उतरवत नाहीत, विमानं कुठली चढणार? आणि ती आता नको म्हणाली, ते बरोबरच आहे. तेव्हा बोलायचं होतं. तेव्हा आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात होतो, एका किटलीतला चहा पीत होतो, आणि मी कोणाला तरी विचारायला हवं होतं की बाई, तुझे डोळे का भरले. एवढा एक प्रश्न. तो मी विचारला नाही, हे माझ्या जिवाला कायम लागून राहील. लागू दे.

गादी परत पाठवतेय. तिने नाही म्हटलं तरी तिच्याकडे ठेवून ये. आणि तिला माझा एवढा निरोप इंग्रजीत नीट सांग, चुकवू नकोस.

सांग, की आमच्याकडे जाणारी पावलं कोणी काढत नाही. काढायची ती येणारीच, बाहेरून आत. दूर जाताना दिसली कारण मी बोटं देवाकडे केली होती आणि ती मागे बसायची. यात ना तिची चूक, ना पावलांची. आता देवळाला कुलूप आहे, तर गादी तिने घरात ठेवावी, निळ्या दाराच्या आत, बोटं घराकडे करून. आणि स्वतः घरात, गादीसमोर बसावं. म्हणजे पावलं तिच्याकडे येतील.

ती ठेवत असेल तेव्हा तू आपल्या रीतीप्रमाणे उंबऱ्याशी उभी राहून विचार, 'कोण आलं?' मी इकडे दर वर्षी उत्तर देते, महालक्ष्मी आली. तिने काय उत्तर द्यायचं, ते तिचं ती ठरवेल. तिने कोणाचंही नाव घेतलं तरी तू हो म्हण. मी ती पावलं महालक्ष्मीची म्हणून भरली होती, पण जिने इतकी वर्षं सांभाळली तिला ती कोणाची आहेत ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आणि तिला गुडघे टेकायचे असतील तर खुशाल टेकू दे. महालक्ष्मीला मी समजावून सांगीन.

तुझी,
रमामावशी